घामाची नोंद : जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या निमित्ताने एक टिपण

जुन्नर व आंबेगाव या दोन तालुक्यांच्या इतिहासास साधनांची वाण आहे असे कोणी म्हणणार नाही. नाणेघाटातील शिलालेखात सातवाहन राणी नागनिकेच्या यज्ञांचा व त्या प्रसंगी दिलेल्या गाई, घोडे, हत्ती व कार्षापणे यांचा आकडेवार हिशेब आहे. लेण्यांतून दात्यांची नावे व त्यांचे व्यवसाय कोरलेले आहेत. पुढे निजामशाही, मराठेशाही व इंग्रजी अमदानी यांची दप्तरे आहेत. परंतु ज्या माणसांनी कल्याणच्या बाजूने नाणेघाट चढून माल वर आणला, त्यांच्या श्रमाची नोंद यांपैकी कोठेही सापडत नाही. घाटाच्या तोंडाशी असलेला दगडी रांजण जकातीचा म्हणून दाखविला जातो. तेथे माल मोजला जात असेल, माल वाहणारा मोजला गेला नाही. ‘निढळाचा घाम’ हा शब्दप्रयोग आपण सहज करतो, पण हा घाम वाळतो आणि मागे कागद ठेवीत नाही, ही इतिहासकाराच्या दृष्टीने मोठीच अडचण होय.

अलीकडे मात्र घाम हेच नोंदीचे साधन करण्याची विद्या निघाली आहे. त्वचेवर चिकटवावयाची अथवा मनगटास बांधावयाची लहानशी पट्टी घाम शोषून घेते आणि त्यातील क्षार, साखर, दुग्धाम्ल इत्यादींचे प्रमाण मोजते. काही पट्ट्यांत हे प्रमाण रंगाच्या पालटाने दिसते, काहींत विद्युत्प्रवाहाच्या रूपाने ते दूर धाडले जाते. २०१६ च्या जानेवारीत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील अली जावी व वेई गाओ यांच्या गटाने ‘नेचर’ या नियतकालिकात असे एक साधन प्रसिद्ध केले. ते साखर, दुग्धाम्ल, सोडियम व पोटॅशियम ही चारही एकाच वेळी मोजीत असे आणि त्वचेच्या तपमानावरून आपले आकडे दुरुस्त करून घेत असे. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात जॉन रॉजर्स यांच्या गटाची मऊ, रंग पालटणारी पट्टी प्रसिद्ध झाली. या साधनांच्या रचनेचे सविस्तर वर्णन हा आमचा विषय नव्हे. घामात आजवर कोणी काय वाचले, आणि ते वाचन कोणासाठी होते, एवढेच येथे पाहावयाचे आहे. त्यासाठी जुन्नर-आंबेगावचा प्रदेश सोयीचा आहे. का, ते पुढे दिसून येईल.

आपल्या वैद्यकात स्वेद हा मेद धातूचा मल मानिला आहे. स्वेदवह स्रोतसांचे मूळ मेद व लोमकूप यांत आहे असे चरकसंहितेचे विमानस्थान सांगते, आणि ती स्रोतसे बिघडण्याची कारणे देताना अतिव्यायाम व अतिसंताप यांच्या जोडीस क्रोध, शोक व भय यांसही स्थान देते. म्हणजे घाम हे केवळ उन्हाचे कार्य नसून मनाचेही आहे, हे निरीक्षण जुनेच आहे. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने याहूनही महत्त्वाचे स्थळ निदानस्थानात आहे. प्रमेहाच्या पूर्वरूपांत रोग्याच्या मूत्राकडेच नव्हे तर शरीराकडेही भुंगे व मुंग्या धाव घेतात, असे तेथे नमूद केले आहे. अंगावरील गोडी ओळखणारा पहिला संवेदक मुंगी होय, असे म्हणावयास हरकत नाही. हा केवळ विनोद नव्हे. आजची पट्टीही घामातील साखरेचाच माग काढू पाहते आणि तिच्यातील साखर ओळखणारा पदार्थही जीवसृष्टीतूनच घेतलेला एक पाचक द्रव्याच्या जातीचा पदार्थ असतो. अडचण अशी की, घामातील साखर रक्तातील साखरेच्या शतांशाच्या आसपास असते. त्वचेवरील मळाची वा अन्नाची किंचित भेसळही आकडा बिघडवू शकते. मुंगीस असा आकडा द्यावयाचा नव्हता, म्हणून तिचे काम सोपे होते.

आता या प्रदेशाकडे वळू. १८२८ च्या उन्हाळ्यात विल्यम हेन्री साइक्स हा कंपनीचा अधिकारी नाणेघाटात आला आणि तेथील लेखांकडे आधुनिक विद्वानांचे लक्ष प्रथम त्याच्यामुळे गेले. एल्फिन्स्टनने १८२४ मध्ये त्याची मुंबई इलाख्याचा सांख्यिकी-निवेदक म्हणून नेमणूक केली होती. हा गृहस्थ मोजण्याच्या बाबतीत अथक होता. गावे, लोकसंख्या, पिके, पक्षी व मासे यांची त्याने मोजदाद केली. साध्या उष्णतामापकाने पाणी उकळवून डोंगरांची उंची कशी काढावी याविषयी लिहिले. आणि दख्खनच्या हवेचा दाब, उष्णता व आर्द्रता यांवरील त्याचा दीर्घ निबंध १८३५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने छापला. या निबंधाचा घामाशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध निकटचा आहे. शरीर थंड होते ते घाम आल्याने नव्हे, तर घाम वाळल्याने. एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शरीरातून घेऊन जातो. तोच घाम ओघळून खाली पडला तर पाणी गेले, क्षार गेला आणि उष्णता मात्र अंगातच राहिली. चार्ल्स ब्लॅग्डेन याने १७७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पाण्याच्या उत्कलनबिंदूहूनही अधिक तप्त अशा कोरड्या दालनात माणूस काही मिनिटे सुखरूप राहू शकतो हे दाखविले होते. दमट हवेत हे शक्य नाही.

जुन्नर व आंबेगाव हे तालुके सह्याद्रीच्या माथ्यापासून पूर्वेकडे पसरले आहेत. आहुपे अथवा घाटघर येथे आषाढात ढग जमिनीवर उतरतात. तेथून कुकडी, मीना व घोड या नद्यांच्या काठाने उतरत गेले की आणे पठार व लोणी-धामणीच्या बाजूस पावसाची वाट पाहणारा कोरडा मुलूख लागतो. एका दिवसाच्या पायपिटीत हवेचे दोन स्वभाव भेटतात. पश्चिमेस इरले वा घोंगडी पांघरून ओणव्याने भाताची आवणी करणाऱ्या बाईचा घाम वाळावयास जागाच नसते. उन्हाचा चटका नाही म्हणून त्या श्रमाची उष्णता कोणाच्या ध्यानात येत नाही. पूर्वेस चैत्र-वैशाखात टोमॅटो तोडणाऱ्याचा घाम दिसण्यापूर्वीच वाळतो. कपड्यावर क्षाराचा पांढरा वळ तेवढा उरतो. घाम किती आला एवढाच आकडा हाती असेल तर या दोघांपैकी धोक्यात कोण, हे सांगता येणार नाही. साइक्सने हवा मोजली, शरीर मोजले नाही. आजची पट्टी शरीर मोजते आणि हवा बहुधा वगळते. दोन्ही नोंदी एका ठिकाणी असाव्यात ही मागणी अवास्तव नाही.

साइक्सनंतर दहा वर्षांनी याच तालुक्याच्या वैद्यकीय इतिहासात दुसरे एक नाव येते. डॉ. अलेक्झांडर गिब्सन याच्याकडे १८३८ मध्ये दापोडी येथील वनस्पतिउद्यानाची व्यवस्था आली. जुन्नर तालुक्यातील हिवरे येथील बाग ही या उद्यानाची शाखा होती, आणि तेथे औषधी वनस्पतींच्या लागवडीवर विशेष भर होता. विलायतेहून येणारी औषधे महाग पडत आणि वाटेत बिघडत, हे त्यामागील कारण. गिब्सन पुढे १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचा वनरक्षक झाला व डाल्झेल याच्यासह त्याने १८६१ मध्ये मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ प्रसिद्ध केला, हे सर्वश्रुत आहे. हिवऱ्याच्या बागेकडे मात्र स्थानिक इतिहासकारांनी द्यावे तितके लक्ष दिलेले नाही. त्या काळच्या युरोपीय वैद्यकात तापावर घाम आणविणे हा एक मुख्य उपाय होता. घाम सुटला म्हणजे ताप ‘उतरला’ असे वैद्य व रोगी दोघेही मानीत. उष्णतामापक रोग्याच्या बिछान्याशी नित्य वापरात आला तो १८६० नंतरच्या दशकात. तोपर्यंत कपाळावरील ओलावा हीच तापाची वार्ता होती. आपल्या घरोघरी आजही काढा देऊन घाम येण्याची वाट पाहतात, त्यात त्या दोन्ही परंपरा एकत्र झालेल्या आहेत.

घाम हे लक्षण वा उपचार न राहता परिमाण केव्हा झाले? याचा आरंभ इटलीत सापडतो. पादुआचा वैद्य सांतोरिओ याने तराजूस टांगलेल्या खुर्चीत बसून आपले अन्न, मल व वजन वर्षानुवर्षे तोलले आणि १६१४ मध्ये त्यावरील सूत्रे प्रसिद्ध केली. दिवसाच्या आठ पौंड अन्नपाण्यापैकी सुमारे पाच पौंड न दिसता शरीरातून निघून जाते, असा त्याचा हिशेब होता. हिशेब ढोबळ होता. न दिसणाऱ्या गोष्टीस तराजूत घालण्याची कल्पना मात्र नवी होती.

घामातील घटकांवरून रोगनिदान करण्याची खरी सुरुवात याहून पुष्कळच अलीकडची आहे. १९४८ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क शहरात उष्णतेची लाट आली असता रुग्णालयात दाखल झालेल्या मुलांत स्वादुपिंड व फुफ्फुसे यांच्या एका आनुवंशिक विकाराची मुले प्रमाणाबाहेर अधिक आढळली. केसलर व डोरोथी अँडरसन यांनी १९५१ मध्ये हे निरीक्षण प्रसिद्ध केले, आणि १९५३ मध्ये दि सांताग्नेसे यांनी त्याचा उलगडा केला : या मुलांच्या घामातून क्षार अतोनात जात होता. १९५९ मध्ये गिब्सन व कूक यांनी त्यावर आधारलेली कसोटी घालून दिली. सौम्य विद्युत्प्रवाहाने पिलोकार्पिन हे वनस्पतिजन्य द्रव्य त्वचेत उतरवून घाम आणावयाचा, तो गाळण-कागदावर अथवा जाळीदार कापडावर टिपून घ्यावयाचा आणि त्यातील क्षार मोजावयाचा. हा गिब्सन हिवऱ्याचा नव्हे, हे सांगावयास नकोच. नावाचा योगायोग आहे. पण घाम आणविणारी वनस्पती हा दोहोंमधील दुवा केवळ नावाचा नाही. जुन्या वैद्याने जी वनस्पती ताप घालविण्यासाठी दिली असती, तीच नव्या वैद्याने साक्षीदारास बोलते करण्यासाठी वापरली. आज अंगावर बांधावयाच्या साधनांत माणूस स्वस्थ बसला असता घाम मिळविण्यासाठी हीच युक्ती योजतात.

घाम कागदाने टिपला, या गोष्टीपाशी जुन्नरच्या वाचकाने क्षणभर थांबावे. जुन्नर हे हातकागदाचे जुने केंद्र होते; मराठी दप्तरांत ‘जुन्नरी’ कागदास स्वतंत्र नाव होते, आणि तेथील कागदी समाज हा धंदा पिढ्यानपिढ्या करीत असे. लगदा, साचा, वाळवण ही कृती झाल्यावर कागदास खळ देऊन गुळगुळीत दगडाने घोटीत. ते कशासाठी? तर कागदाच्या तंतूंमधील सूक्ष्म पोकळ्या बुजाव्यात आणि शाई फुटू नये म्हणून. घामाची कागदी पट्टी याच्या नेमकी उलट चालते : तंतूंमधून द्रव आपोआप पुढे सरकावा हेच तेथे हवे असते, आणि जेथे सरकू नये तेवढ्याच रेषांवर मेणासारखा अडथळा घालतात. हार्वर्ड विद्यापीठातील जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने २००७ मध्ये अशा आखलेल्या कागदावर स्वस्त रासायनिक परीक्षा करता येतात हे दाखविले. कागद्यांना ज्या गुणाचा बंदोबस्त करावा लागे, त्याच गुणावर हे शास्त्र उभे आहे.

परंतु प्रयोगशाळा व रुग्णालय येथवरच हा इतिहास थांबत नाही. घामाचा अभ्यास ज्यांनी सर्वांत अधिक पैसा लावून करविला ते खाणमालक, गिरणीमालक, सरकार व सैन्य होते, आणि येथे आंबेगावचा संबंध थेट येतो.

घोड नदीच्या खोऱ्यातून व जुन्नरच्या गावांतून कामासाठी मुंबईस जाणे हे जुने आहे. आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळ येथील बाबू गेनू हा असाच मुंबईच्या कापडगिरणीतील कामगार. १२ डिसेंबर १९३० रोजी विदेशी कापड वाहणाऱ्या लॉरीसमोर त्याला मरण आले, हे सर्वांस ठाऊक आहे. डिंभे धरणाच्या जलाशयास आज त्याचेच नाव आहे. त्याच्या हौतात्म्याविषयी पुष्कळ लिहिले गेले. तो व त्याच्यासारखे हजारो ज्या हवेत दिवस काढीत, तिच्याविषयी मात्र क्वचितच लिहिले जाते. विणकामखात्यात सूत तुटू नये म्हणून हवा मुद्दाम दमट ठेवीत. सुतास खळ चढवीत आणि खोलीत पाण्याचे फवारे वा वाफ सोडीत. मुंबईची हवा मुळातच ओली. त्यात यंत्रांची उष्णता आणि वरून ही कृत्रिम आर्द्रता. धाग्यास जी हवा मानवे ती माणसास मानवत नसे. घाटमाथ्यावर इरल्याखाली जे घडते तेच येथे छपराखाली घडे, फरक एवढाच की येथील ओलावा पावसाने नव्हे तर मालकाने आणलेला होता.

तक्रारी वाढल्यावर सरकारने टी. मॅलोनी या अधिकाऱ्याकडे हिंदुस्थानातील कापडगिरण्यांतील आर्द्रतेची चौकशी सोपविली. त्याचे निवेदन १९२० नंतरच्या दशकात प्रसिद्ध झाले. अशा चौकशांत त्या काळी वापरीत ते साधन म्हणजे लेनर्ड हिल याने १९१६ च्या सुमारास प्रचारात आणलेला काटा-उष्णतामापक. ‘काटा’ हा शब्द ग्रीक असून त्याचा अर्थ ‘खाली’ असा आहे. आपल्या तराजूच्या काट्याशी त्याचे नाते नाही. मद्यार्काने भरलेली नळी गरम पाण्यात धरून तापवावयाची आणि तिचे तपमान १०० अंशांवरून ९५ अंश फॅरनहाइटवर उतरावयास किती सेकंद लागतात ते पाहावयाचे. नळीच्या फुग्यावर ओले फडके गुंडाळले म्हणजे ती ‘ओली काटा’ होई, आणि घामेजलेल्या अंगास त्या हवेत कितपत गारवा मिळेल याचा अंदाज देई. अंगावर बांधावयाच्या घाममापकाचा हा पूर्वज म्हणावा लागेल, पण अंगाविना. घाम येणाऱ्या माणसाच्या जागी ओले फडके टांगले होते. चौकशी विणकऱ्यासाठी असली तरी प्रश्न फडक्यासच विचारण्यात आला, असे कोणी म्हटले तर ते अगदीच अन्याय्य होणार नाही. आमचे मत मात्र थोडे निराळे आहे. फडके हवेची साक्ष देत होते, आणि हवेची जबाबदारी मालकावर टाकता येते. साक्षीदार माणूस असता तर ‘या माणसास हवा सोसत नाही’ असा निष्कर्ष काढणे सोपे झाले असते.

ही शंका काल्पनिक नाही. दक्षिण आफ्रिकेतील विटवॉटर्सरँडच्या सोन्याच्या खोल खाणींत उष्माघाताने मजूर मरू लागले, तेव्हा तेथील वैद्य ड्रिओस्टी याने १९३५ च्या सुमारास उष्णतासहत्वाची कसोटी काढली. उष्ण व दमट दालनात आफ्रिकी मजुरांकडून ठराविक श्रम करवून त्यांच्या शरीराचे तपमान पाहावयाचे आणि त्यावरून कोणास खोल खाणीत लगेच धाडावे व कोणास आधी सरावावे हे ठरवावयाचे. या कसोटीमुळे प्राण वाचले हे खरे. खाण तेवढीच उष्ण राहिली हेही खरे. याउलट इंग्लंडातील कोळशाच्या खाणींत मॉस याने १९२३ मध्ये मजुरांच्या पेटक्यांचे कारण शोधले : घामातून क्षार जातो आणि वर नुसते पाणी प्यायल्याने रक्त अधिकच पातळ होते. त्याच्या शोधाने मजुराच्या हाती चिमूटभर मीठ दिले. अमेरिकी नौसैनिकांच्या पॅरिस आयलंड येथील शिबिरात उष्णतेने कोसळणाऱ्या नव्या भरतीच्या शिपायांसाठी याग्लू व मिनार्ड यांनी १९५७ मध्ये जो निर्देशांक प्रसिद्ध केला, त्यात ऊन, वारा व आर्द्रता एकत्र धरली होती. तो आकडा एका मर्यादेपलीकडे गेला की कवायत थांबवावयाची. एकाच घामाच्या अभ्यासातून निवड, मीठ आणि विश्रांती असे तीन निरनिराळे निर्णय निघाले. शरीरशास्त्र तिन्ही ठिकाणी एकच होते. प्रश्न विचारणारा वेगळा होता.

आजच्या पट्टीकडे या दृष्टीने पाहिले म्हणजे तिच्या मर्यादांचा अर्थही निराळा लागतो. घर्मग्रंथीतून निघालेला घाम मुळात रक्तद्रवाइतकाच खारट असतो. नलिकेतून वर येताना त्यातील बराच क्षार शरीर परत घेते. घाम जलद आला तर परत घेण्यास सवड मिळत नाही, म्हणून तो अधिक खारट. उन्हास सरावलेल्या माणसाचा घाम पुष्कळ, पण अळणी. नवख्याचा अधिक खारट. तेव्हा उसाच्या फडात चार महिने काढलेला तोडणी कामगार आणि सुटीत गावी आलेला मुंबईकर यांच्या घामाचा एकच आकडा आला तरी त्याचा अर्थ एक नव्हे. हे तज्ज्ञांस ठाऊक आहे, आणि म्हणूनच घामाच्या वेगाची नोंद आकड्याबरोबर ठेवण्याकडे त्यांचा कल आहे. मनगटावरील साखरमापक म्हणून २००१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले एक घड्याळ त्वचेखालील द्रव ओढून साखर मोजीत असे; त्यास घाम हा अडथळा वाटे व घाम येताच ते नोंद वगळीत असे. म्हणजे श्रम करणाऱ्याच्या मनगटावर ते मुकेच राहिले असते. पुढे ते बाजारातून गेले. २०२१ मध्ये एका पेयकंपनीने खेळाडूंसाठी घामाची पट्टी विक्रीस आणली. मैदानावर किती पाणी व क्षार घ्यावा हे ती सांगते. खेळाडू ती स्वतः विकत घेतो, स्वतः वाचतो आणि वाटल्यास काढून टाकतो.

जुन्नरच्या परिसरात अंगावर बांधलेल्या नोंदयंत्राचा एक प्रसंग सर्वश्रुत आहे, आणि तो माणसाचा नाही. २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वर येथील विहिरीतून काढलेल्या एका बिबट्यास विद्या अत्रेय व वनखाते यांनी गळपट्टा बांधून माळशेज घाटात सोडले. त्यास ‘आजोबा’ असे नाव पडले होते. तो वस्त्या, रस्ते व लोहमार्ग ओलांडीत सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाच्या बाजूस पोहोचला. त्या नोंदीने बिबट्यास पकडून दूर सोडण्याच्या प्रथेविषयीच्या जुन्या समजुतींस धक्का दिला. बिबट्याची संमती कोणी विचारली नाही, विचारताही आली नसती. नोंद वाचणारे त्याच्या बाजूचे होते हे त्याचे भाग्य.

ऊस, टोमॅटो आणि आवणी यांच्या हंगामांत अशा पट्ट्या या तालुक्यांतील मजुरांच्या दंडावर येतील, तेव्हा त्यांच्यासोबत एक नोंदवहीही असावी लागेल. तीत घामाच्या वेगासाठी, हवेच्या आर्द्रतेसाठी, कामाच्या तासांसाठी व प्यायलेल्या पाण्यासाठी रकाने आखावे लागतील. त्यांच्या पुढे आणखी एक रकाना हवा : हा आकडा प्रथम कोणास कळविला. मॅलोनीच्या काळी तो रकाना आखण्याची गरज कोणास वाटली नव्हती. फडक्यास घरी जावयाचे नव्हते.